भारताने कतारला ०-० वर रोखलं ते फक्त नशिबाने? फुटबॉलमधलं ‘बस लावणं’ नेमकं काय असतं, समजून घ्या

तारीख होती १० सप्टेंबर २०१९. घरोघरी गणपती बसलेले होते आणि विसर्जन दोन दिवसांवर आलं होतं. नाशिकमध्ये मंडळाच्या मांडवामागे आम्ही चौघं एका मोबाईलवर डोकी घालून बसलो होतो. मॅच दोहामध्ये होती, भारत विरुद्ध कतार. वर्ल्ड कपची पात्रता फेरी.

मॅच ०-० सुटली आणि ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज सुरू झाले. एक गट म्हणत होता, “इतिहास घडला भावांनो.” दुसरा गट म्हणत होता, “कसला इतिहास, नव्वद मिनिटं बस लावून उभे होते. गुरप्रीत नसता तर पाच बसले असते.”

हा वाद आजही संपलेला नाही. मोठी स्पर्धा आली आणि एखादी टीम मागे बसून खेळायला लागली की तो पुन्हा पेटतो. कोणी म्हणतं बोअरिंग, कोणी म्हणतं भित्रट. पण आपल्यापेक्षा तगड्या टीमला दीड तास गोल करू न देणं ही खरंच फक्त नशिबाची गोष्ट आहे का? की त्यात काही शास्त्र आहे? आणि ते शास्त्र आपल्याला येत असेल, तर मग पुढे भारताचं गाडं अडलं कुठे?

उत्तरासाठी त्या रात्रीकडेच परत जाऊ.

त्या मॅचआधी काय परिस्थिती होती?

त्याच वर्षी फेब्रुवारीत कतारने फायनलमध्ये जपानला ३-१ ने हरवून आशिया कप जिंकला होता. म्हणजे समोर आशियाचा चॅम्पियन होता. पात्रता फेरीच्या पहिल्या मॅचमध्ये त्यांनी अफगाणिस्तानला ६-० ने धुतलं होतं.

आपली अवस्था काय? पाच दिवस आधी गुवाहाटीत ओमानविरुद्ध सुनील छेत्रीने गोल केला, भारत बराच वेळ १-० ने पुढे राहिला आणि शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल खाऊन हरला. त्यात दोहाच्या मॅचला छेत्री आजारी पडला. कोच इगोर स्टिमॅच नवीन होते. कॅप्टनचा पट्टा गोलकीपर गुरप्रीतसिंग संधूच्या दंडावर गेला.

अशा वेळी कोचकडे दोन रस्ते असतात. एक, समोरासमोर भिडायचं आणि चार-पाच गोल खायचे. दोन, चेंडू त्यांना देऊन टाकायचा आणि जागा आपल्याकडे ठेवायची.

भारताने दुसरा रस्ता धरला. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण सगळा डिफेन्स यातच आला. चेंडू त्यांचा, जागा आपली.

‘बस लावणं’ हा शब्द आला कुठून?

हा शब्द गाजवला जोसे मोरिन्यो यांनी. २००४ मध्ये ते चेल्सीचे कोच होते. टॉटनहॅमविरुद्धची मॅच ०-० सुटली आणि वैतागलेले मोरिन्यो म्हणाले की समोरच्यांनी गोलसमोर बस आणून उभी केली. गंमत अशी की पुढे मोरिन्यो स्वतःच बस लावणारे कोच म्हणून ओळखले गेले.

पण युक्ती जुनी आहे. साठच्या दशकात इटलीत ‘कातेनाच्चो’ नावाची पद्धत गाजली. या इटालियन शब्दाचा अर्थ आहे दाराची कडी किंवा अडसर. चार डिफेन्डरच्या मागे आणखी एक मोकळा डिफेन्डर ठेवायचा, जो सुटलेला चेंडू साफ करेल. ही पद्धत वापरून हेलेनियो हेरेरा यांच्या इंटर मिलानने १९६४ आणि १९६५ असा सलग दोनदा युरोपियन कप जिंकला.

२००४ चा युरो कप आठवा. ग्रीसला कोणी खिजगणतीत धरलं नव्हतं. त्यांनी क्वार्टर फायनल, सेमीफायनल आणि फायनल अशा तिन्ही मॅच १-० ने जिंकल्या. फायनलमध्ये हरला यजमान पोर्तुगाल. तेव्हाही जग म्हणालं, बोअरिंग. कप मात्र ग्रीसला गेला.

बस लावतात म्हणजे नक्की करतात काय?

आता मैदानाचं गणित बघू. आंतरराष्ट्रीय मॅचचं मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. गोलकीपर सोडला तर तुमच्याकडे दहा माणसं उरतात. दहा माणसांनी एवढं मैदान झाकणं अशक्य आहे. त्यामुळे डिफेन्सचा पहिला प्रश्न असतो, कोणती जागा सोडून द्यायची?

नाशिककरांना हे द्वारका चौकावरून पटकन कळेल. संध्याकाळी द्वारकेला जाम लागला की गाड्या थांबत नाहीत, त्या आजूबाजूच्या गल्ल्यांत घुसतात. लांबून जातात, वेळ लागतो, पण जातात. मागे बसणारी टीम हेच करते. मधला रस्ता जाम करते आणि समोरच्याला बाजूच्या गल्लीत ढकलते.

कारण साधं आहे. गोलपोस्टची रुंदी ७.३२ मीटर. बरोबर समोरून फटका मारणाऱ्याला ती सगळी दिसते. टचलाईनजवळ उभ्या असलेल्या माणसाला त्यातला जेमतेम तुकडा दिसतो. तिथून तो एकच गोष्ट नीट करू शकतो, हवेतून क्रॉस मारणं. आणि हवेतला चेंडू हा समोर तोंड करून उभ्या असलेल्या उंच सेंटर बॅकचा आवडता घास असतो.

फुटबॉलच्या भाषेत याला ‘लो ब्लॉक’ म्हणतात. चार डिफेन्डरची एक ओळ आपल्या पेनल्टी बॉक्सच्या तोंडाशी. तिच्या पुढे दहा-बारा मीटरवर मिडफिल्डरची दुसरी ओळ. दोन ओळींमधली जागा इतकी कमी की तिथे चेंडू घेऊन वळायलाच मिळू नये. चेंडू डावीकडे गेला की दोन्ही ओळी डावीकडे सरकतात, उजवीकडे गेला की उजवीकडे.

म्हणजे जी टीम टीव्हीवर ‘नुसती उभी’ दिसते, ती प्रत्यक्षात दीड तास सरकत असते. एकजण दोन पावलं उशिरा सरकला की मधून पास गेलाच समजा. त्यामुळे लो ब्लॉकमध्ये पायांच्या आधी डोकं थकतं.

कबड्डी बघणाऱ्याला हे आधीच माहीत आहे

डिफेन्स समजायला आपल्याला युरोपात जायची गरज नाही. कबड्डीतली साखळी आठवा. चढाई करणारा आत आला की हात धरलेले दोघं एकत्र पुढे-मागे होतात. एकट्याने उडी मारली आणि चुकली, तर साखळी तुटते आणि चढाईपटू बाहेर. चांगला बचावपटू घाई करत नाही. तो चढाईपटूला हळूहळू कोपऱ्याकडे नेतो आणि मग पकड करतो.

फुटबॉलची बॅक फोर तशीच चालते, फक्त हात धरलेले नसतात. एक डिफेन्डर चेंडूवर जातो, बाजूचा त्याची मागची जागा झाकतो, उरलेले दोघे आत सरकतात. चेंडूवर जाणारा माणूस आपल्याला दिसतो. त्याच्यामागे जागा झाकणारा आपल्याला दिसत नाही, कारण तो काही करताना दिसतच नाही. पण तो तिथे असतो म्हणूनच पहिला बिनधास्त पुढे जातो.

आता त्या रात्रीची भारताची साखळी बघा. राइट बॅक राहुल भेके, मुंबईचा. लेफ्ट बॅक मंदार राव देसाई, गोव्यातल्या म्हापशाचा. मध्ये संदेश झिंगन, चंदीगडचा, आणि त्याच्या जोडीला आदिल खान, तोही गोव्याचा. म्हणजे आशियाच्या चॅम्पियनसमोर उभ्या असलेल्या चौघांपैकी तिघं मुंबई-गोव्याचे. आपल्या शेजारची पोरं. तेव्हा आमच्यापैकी किती जणांना हे माहीत होतं? खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. आम्हाला छेत्री माहीत होता आणि गुरप्रीत माहीत होता.

यातल्या प्रत्येकाची एक गोष्ट आहे. मंदार मुळात डिफेन्डर नव्हताच. तो एफसी गोवाकडून डाव्या बाजूने अटॅक करायचा. कोच सर्जिओ लोबेरा यांनी त्याला मागे आणून लेफ्ट बॅक केलं आणि तिथून तो भारतीय टीमपर्यंत पोहोचला. आदिल २०१२ नंतर टीमबाहेर पडला तो थेट २०१९ मध्ये परतला. भेकेने त्याच वर्षी मार्चमध्ये आयएसएलच्या फायनलमध्ये बंगळुरूसाठी एक्स्ट्रा टाइममध्ये हेडर मारून कप जिंकून दिला होता, पण भारताची जर्सी त्याला पहिल्यांदा मिळाली ती जूनमध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी.

या चौघांनी, त्यांच्या पुढच्या मिडफिल्डने आणि गुरप्रीतने मिळून कतारला ९० मिनिटं रोखलं. कतारने फटक्यांवर फटके मारले. गुरप्रीतने एकामागून एक अडवले. दुसऱ्या हाफमध्ये उदांता सिंगचा फटका पोस्टला लागला, नाहीतर भारत जिंकलाच असता.

मग नशीब होतं की नाही? होतं. कोणत्याही लो ब्लॉकला थोडं नशीब लागतंच. पण सारखं नशिबाचं वाटतं त्यातलं बरंचसं त्या दोन ओळींनी कमावलेलं असतं. फटका मारणाऱ्यासमोर दोन पाय आडवे असतील, तर फटका लांबून आणि वाकडा जातो. तसा फटका गोलकीपरच्या आवाक्यात येतो. गोलकीपर हिरो होतो तेव्हा त्याच्यापुढच्या माणसांनी फटके कुठून मारू दिले, हेही बघायला हवं.

मोरोक्कोने जगाला दाखवलं

हीच गोष्ट सगळ्यात मोठ्या व्यासपीठावर केली मोरोक्कोने, तीही त्याच कतारमध्ये, २०२२ च्या वर्ल्ड कपला.

सेमीफायनलपर्यंतच्या पाच मॅचमध्ये मोरोक्कोविरुद्ध एकच गोल झाला आणि तोही त्यांच्याच नायफ अगेर्दकडून झालेला स्वयंगोल. बेल्जियम, क्रोएशिया, स्पेन, पोर्तुगाल यांपैकी एकालाही त्यांच्यावर गोल करता आला नाही. स्पेनने १२० मिनिटांत हजाराच्या आसपास पास दिले. पण पास कुठे दिले? मोरोक्कोने सोडून दिलेल्या जागेत. शेवटी पेनल्टी शूटआऊटमध्येही स्पेनला एकही गोल करता आला नाही. पुढे पोर्तुगालला १-० ने हरवून मोरोक्को वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला जाणारी आफ्रिकेची पहिली टीम ठरली.

पण लो ब्लॉकची दुसरी बाजूही त्याच वर्ल्ड कपमध्ये दिसली. सेमीफायनलला फ्रान्सने पाचव्या मिनिटालाच गोल केला. आता मोरोक्कोला मागे बसून चालणार नव्हतं. त्यांनी चेंडू घेतला, पुढे आले, चांगलं खेळले आणि २-० ने हरले. बस लावण्याचा सगळा जोर ०-० वर किंवा पुढे असताना असतो. एकदा मागे पडलात की बस हलवावी लागते.

बस लावणं हा एकच डिफेन्स नाही

इथे बऱ्याच फॅन्सचा गोंधळ होतो. डिफेन्स म्हणजे मागे बसणं, असं नाही. उलटा प्रकारही असतो.

२२ नोव्हेंबर २०२२. सौदी अरेबिया विरुद्ध अर्जेंटिना. सौदीच्या डिफेन्डरनी आपली ओळ मागे न ठेवता जवळपास हाफवे लाईनपर्यंत वर आणली. याला ‘हाय लाईन’ म्हणतात. ऑफसाईडचा नियम साधा करून सांगायचा तर, पास निघाला त्या क्षणी अटॅकर समोरच्या टीमच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या पुढे असेल, तर तो ऑफसाईड. शेवटचा खेळाडू बहुतेक वेळा गोलकीपर असतो, म्हणजे हिशोब शेवटच्या डिफेन्डरचा. तो शेवटचा डिफेन्डरच ४० मीटर वर उभा असेल, तर अटॅकरलाही तिथेच थांबावं लागतं.

पहिल्या हाफमध्ये मेस्सीच्या पेनल्टीनंतर अर्जेंटिनाने आणखी तीनदा चेंडू जाळ्यात टाकला. तिन्ही वेळा ऑफसाईड. दुसऱ्या हाफमध्ये सौदीने दोन गोल मारले आणि २-१ ने जिंकले. पुढे वर्ल्ड कप जिंकणारी टीम त्या स्पर्धेत तेवढी एकच मॅच हरली.

हाय लाईन हा जुगार आहे. चौघांपैकी एकजण अर्धा मीटर मागे राहिला तर सगळे उघडे पडतात. थोडक्यात, लो ब्लॉक तुमच्या संयमाची परीक्षा घेतो आणि हाय लाईन तुमच्या टायमिंगची. दोन्हीत साखळी तुटून चालत नाही.

मग भारताचं कुठे अडलं?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. २०१९ मध्ये जे जमलं, ते पुढे का टिकलं नाही?

त्यासाठी दोहातल्याच आणखी दोन रात्री बघाव्या लागतील.

पहिली, ३ जून २०२१. पुन्हा कतार. १७ व्या मिनिटाला राहुल भेकेला दुसरं यलो कार्ड मिळालं आणि तो बाहेर गेला. भारताला सत्तरहून जास्त मिनिटं दहा जणांनिशी खेळावं लागलं. तरी कतारला एकच गोल करता आला. आकड्यात हा पराभव आहे. पण एक माणूस कमी असताना त्या ओळी किती टिकल्या, हेही त्याच आकड्यात दिसतं. भेकेला सोशल मीडियावर शिव्या पडल्या. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२२ मध्ये, याच भेकेने मुंबई सिटीकडून इराकच्या अल कुवा अल जाविया टीमविरुद्ध हेडरने विजयी गोल केला आणि एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये मॅच जिंकणारा पहिला भारतीय क्लब मुंबई सिटी ठरला. ही बातमी त्या शिव्यांइतकी फिरली नाही.

दुसरी रात्र जास्त दुखणारी आहे. ११ जून २०२४. कतार विरुद्ध भारत. २०२६ च्या वर्ल्ड कपला ४८ टीम असल्यामुळे आशियाला आठ थेट जागा मिळाल्या होत्या. त्यामुळे पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत पोहोचण्याला कधी नव्हे इतकी किंमत होती. भारत तिथे याआधी कधीच गेला नव्हता. पाच दिवसांपूर्वीच छेत्री कुवेतविरुद्ध शेवटची मॅच खेळून निवृत्त झाला होता. गणित सरळ होतं. कतारला हरवलं की तिसरी फेरी पक्की.

३७ व्या मिनिटाला लालियानझुआला छांगतेने गोल केला. भारत १-० ने पुढे. हाफ टाइम झाला, साठावं मिनिट गेलं, सत्तरावं गेलं.

७३ व्या मिनिटाला कतारला फ्री किक मिळाली. हेडर आला, तो गुरप्रीतने अडवला आणि चेंडू गोलपोस्टच्या बाजूने लाईनच्या बाहेर गेला. भारतीय खेळाडू थांबले. त्यांना वाटलं कॉर्नर. कतारच्या खेळाडूने बाहेर गेलेला चेंडू पायाने आत ओढला आणि युसुफ आयमनने तो जाळ्यात ढकलला. रेफरींनी गोल दिला. पात्रतेच्या त्या फेरीत व्हीएआर नव्हतं, त्यामुळे परत बघायची सोयच नव्हती. ८५ व्या मिनिटाला कतारने दुसरा गोल केला. मॅच २-१. तिकडे कुवेतने अफगाणिस्तानला हरवलं आणि भारत गटात तिसरा राहून बाहेर पडला. आठवडाभरात स्टिमॅच यांची हकालपट्टी झाली.

तो गोल चुकीचा होता, यात शंका नाही. रिप्ले जगाने पाहिला. भारतीय फुटबॉल महासंघाने चौकशीची मागणीही केली. आम्हीही रात्री दोन वाजेपर्यंत तेच फोटो शेअर करत होतो.

पण डिफेन्सचा एक नियम आहे, जो प्रत्येक मैदानावर पहिल्या आठवड्यात शिकवला जातो. शिट्टी वाजेपर्यंत थांबायचं नाही. ७३ मिनिटं सरकत राहिलेली साखळी दोन सेकंद थांबली. अन्याय झाला हे खरं, आणि साखळी थांबली हेही खरं. रेफरींची चूक आपल्या हातात नसते. न थांबणं तेवढं असतं.

खरी अडचण चेंडू मिळाल्यावर सुरू होते

एका गोलवर सगळं खापर फोडून चालणार नाही. त्याच वर्षी जानेवारीत आशिया कपमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला हाफ टाइमपर्यंत ०-० वर रोखलं होतं. मागे पुन्हा भेके आणि झिंगनची जोडी होती. ५० व्या मिनिटाला एक क्रॉस गुरप्रीतने हाताने ढकलला, तो थेट जॅक्सन अर्व्हाइनच्या पायाशी पडला आणि गोल झाला. नंतर आणखी एक. त्या स्पर्धेत भारत तिन्ही मॅच हरला. सहा गोल खाल्ले आणि मारला एकही नाही.

खाल्लेल्या सहापेक्षा मारलेल्या शून्याकडे बघा.

लो ब्लॉकमध्ये चेंडू हिसकावला की पुढच्या पाच सेकंदांत काय करता, यावर सगळं अवलंबून असतं. पुढे एखादा वेगवान किंवा चेंडू धरून ठेवणारा माणूस असेल, तर त्याला पास जातो, टीम वर सरकते आणि डिफेन्डरना श्वास घ्यायला मिळतो. मोरोक्कोकडे तशी माणसं होती. ती नसतील, तर चेंडू नुसता लांब मारला जातो, तो समोरच्यालाच मिळतो आणि वीस सेकंदांत पुढचा अटॅक सुरू होतो. असं ७०-८० मिनिटं चाललं की कुठेतरी एकजण दोन पावलं उशिरा सरकणारच.

भारताचं दुखणं बऱ्याचदा हेच असतं. रोखायला जमतं, पण रोखल्यावर चेंडू आपल्याकडे ठेवायला जमत नाही. ओमानविरुद्ध २०१९ मध्ये शेवटच्या दहा मिनिटांत हेच झालं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर सिंगापूरविरुद्धही छांगतेच्या गोलने भारत पुढे होता आणि शेवटी २-१ ने हरला. तिथे पुढच्या आशिया कपची आशाही संपली.

म्हणजे “फक्त बस लावली म्हणून हरलो” हे अर्धं खरं आहे. बस लावली म्हणून मॅचमध्ये टिकलो, आणि बसमधून वेळेवर उतरता आलं नाही म्हणून हरलो, हे जास्त बरोबर.

पुढची मॅच बघताना काय बघायचं?

पुढच्या वेळी एखादी टीम मागे बसली की चॅनल बदलण्याआधी दहा मिनिटं या गोष्टी बघा.

१. चेंडू सोडा, दोन ओळींमधलं अंतर बघा. ते वाढायला लागलं की गोल जवळ आला समजा.

२. चेंडू एका बाजूला असताना दुसऱ्या बाजूचा फुल बॅक कुठे आहे ते बघा. तो आत सरकलेला असेल तर टीम जागी आहे. टचलाईनला चिकटून उभा असेल तर मध्ये भगदाड आहे.

३. फटका कुठून मारला जातोय ते मोजा. वीस फटके लांबून आले तर डिफेन्स काम करतोय. तीन फटके सहा यार्डांच्या बॉक्समधून आले तर नाही.

४. चेंडू हिसकावल्यावरचा पहिला पास कोणाला जातो ते बघा. आपल्याच माणसाला जात असेल तर टीम टिकेल.

५. साठाव्या मिनिटानंतर कोण बोलतंय ते बघा. चांगल्या डिफेन्समध्ये गोलकीपर आणि सेंटर बॅक सतत ओरडून ओळ सांभाळत असतात. आवाज बंद झाला की पाय थकल्याचं कळतं.

जाता जाता

आपल्याकडे मोठ्या स्पर्धेला झेंडे लागतात ते ब्राझील-अर्जेंटिनाचे. कोल्हापुरात तर चौकाचौकात कटआऊट उभे राहतात. त्यावर चेहरे असतात गोल मारणाऱ्यांचे. डिफेन्डरचा कटआऊट मी तरी अजून पाहिलेला नाही.

नाशिकच्या कोणत्याही मैदानावर संध्याकाळी जा. टीम पाडताना सगळी पोरं पुढे खेळायला मागतात. जो नवीन आहे, ज्याच्या पायात चांगले बूट नाहीत किंवा ज्याला कोणी पास देत नाही, त्याला सांगतात, “तू मागे थांब.” मलाही तेच सांगायचे. मागे थांबणं म्हणजे शिक्षा, असं आपण लहानपणापासून शिकतो आणि मोठे झाल्यावर टीव्हीसमोर बसून तेच बोलतो.

मंदार राव देसाईलाही एके दिवशी कोणीतरी “मागे ये” म्हणालं होतं. त्याने ती शिक्षा मानली नाही आणि दोहाच्या त्या रात्री तो आशियाच्या चॅम्पियनसमोर नव्वद मिनिटं सरकत राहिला. त्या मॅचचा स्कोअर आजही ०-० असाच दिसतो. त्यातला एक शून्य कमवायला अकरा जण लागले होते.